चालत्या रक्ताची यादी

सप्टेंबर १९६५, सोमवार, सकाळी साडेआठ. मद्रास. रुग्णालयाची रक्तपेढी, तळमजला.
हजर: डॉक्टर. सिस्टर रोझ. शिपाई मुनुसामी. मी, नोंदणी कारकून.
रजेवर: कोणी नाही.
फ्रिजमध्ये: ओ गटाच्या दोन बाटल्या, ए एक, बी तीन, एबी नाही.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. रोज सकाळी अशी नोंद करायची, ही डॉक्टरांची शिस्त. आधी माणसं, मग बाटल्या. कामावर रुजू झाले त्या दिवशी मी उलट लिहिलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाटली कुठे पळून जात नाही, अम्मा. आधी कोण उभं आहे ते लिही."

त्या महिन्यात उत्तरेला लढाई चालू होती. जमेल तेवढं रक्त आम्ही प्लाझ्मा काढण्यासाठी पुढे पाठवत होतो, म्हणून फ्रिज असा रिकामा. त्याच सोमवारी अकरा वाजायच्या आत सेल्वम नावाच्या एका शिकाऊ जवानाला आमच्या दारात आणलं गेलं, आणि तो जगणार की नाही हे मी ठेवलेल्या एका यादीवर येऊन ठेपलं. त्या यादीवर माझा पूर्ण विश्वास होता. डॉक्टरांचा नव्हता. ते असे का होते हे सांगायचं तर आधी त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

बुटके, काटकुळे, पन्नाशीच्या पुढचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खाली पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर, आणि तिच्याखाली सैन्यातले काळे बूट. वेष्टीवर बूट घालणारा दुसरा माणूस मी मद्रासमध्ये पाहिला नाही. मागच्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तरुण डॉक्टर म्हणून गेले आणि बूट घालून परत आले, असं मुनुसामी म्हणायचा. लग्न केलं नव्हतं. मैलापूरला तळ्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. सकाळी बसने यायचे, हातात तीन मजली टिफिन. वरच्या डब्यात दहीभात, मधल्यात लोणचं आणि तिळाचे लाडू. सगळ्यात खालच्या डब्यात पांढरी टाइल, दोन छोट्या बाटल्यांत रक्तगट तपासायचा सीरम, सुया आणि स्पिरिटचा बोळा. हा टिफिन घेऊन ते कुठेही जात. कचेरीला, सभेला, लग्नाला.

त्यांच्या डोक्यात एकच विचार होता आणि तो त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितला. आघाडीवर बाटल्या नेहमी संपतात. ट्रक येत नाही, बर्फ वितळतो, विमान दुसरीकडेच उतरतं. "असे जवान मी पाहिलेत अम्मा, जे रिकामे होऊन मेले. आणि खाटेभोवती वीस भरलेली माणसं रडत उभी होती."

म्हणून त्यांची चालती रक्तपेढी. बाटलीतलं रक्त नव्हे, अंगातलंच, ज्याच्या त्याच्या अंगात ठेवलेलं. फक्त ते कुणाचं, कोणत्या गटाचं आणि या घडीला कुठे आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं. ती यादी ठेवणं हे माझं काम.

यादीचे रकाने त्यांनीच आखून दिले होते. नाव, गट, तपासल्याची तारीख, आणि मग पत्त्याच्या जागी चार लांब रकाने: आठ ते दहा, दहा ते बारा, बारा ते तीन, तीन ते सहा. मी विचारलं, पत्ता कुठे लिहायचा? ते म्हणाले, पत्ता म्हणजे माणूस झोपतो ती जागा; मला तो जागा असताना कुठे सापडतो ते हवं. तर आमच्या यादीत असं असायचं: शिंपी, ओ, दहा ते बारा दुकानात, बारा ते तीन दुकानातच पण आडवा. शाळामास्तर, ए, दहा ते बारा सहावीचा वर्ग. पोस्टमन, ओ, दहा ते बारा अमुक गल्ली, कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरापासून सुरुवात. मला ही यादी फार आवडायची. घरी किराण्याची, धोब्याची, लग्नाच्या आहेराची यादी मीच ठेवायचे. पण एक अख्खी पेठ अशी तासातासाने हलताना वहीत दिसते, हे मी तिथेच पाहिलं.

माणसांना ते गटाने हाक मारायचे. मी बी, म्हणून मी बी-अम्मा. सिस्टर रोझ ओ. ती समोरून आली की हे उभे राहायचे, कारण ओचं रक्त अडीअडचणीला कुणालाही चालतं. हे स्वतः एबी. "मी सगळ्यांकडून घेऊ शकतो आणि जवळजवळ कुणालाच देऊ शकत नाही," ते म्हणायचे. "असल्या माणसाने दुसरं काय करावं? यादी ठेवावी."

भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लावला होता: बाटली संपल्यावर रक्त कुठून आणायचं. पहिलं, उभी असलेली माणसं. दुसरं, खुद्द जखमीची छाती. माणसाच्या छातीत रक्तस्राव झाला तर ते रक्त तिथेच साठतं. ते काढून, आठ पदरी गॉझमधून गाळून, गोठू नये म्हणून औषध घालून त्याच्याच शिरेत परत सोडायचं. लोक ते बादलीत ओततात, ते म्हणायचे, आणि मग दुसऱ्याकडे मागायला जातात. तिसऱ्या ओळीत मेलेली माणसं होती. रशियातल्या शल्यवैद्यांनी नुकत्याच दगावलेल्या माणसांचं रक्त काढून वापरलं होतं, हे त्यांनी कुठल्याशा नियतकालिकात वाचलं होतं. आपल्याकडे तशी परवानगी मिळावी म्हणून त्यांनी तीन अर्ज केले. तिन्ही परत आले. ते चिडले नाहीत. म्हणाले, मेलेल्याला सुई टोचली तर तो ओरडत नाही, नातेवाईक ओरडतात. ते परत आलेले अर्जही यादीत ठेव.

चौथी ओळ नारळ.

ही गोष्ट मी स्वतः पाहिली नसती तर लिहिली नसती. रुग्णालयाच्या फाटकाशी एक शहाळीवाला बसायचा. एके दिवशी डॉक्टरांनी मुनुसामीला एक कोवळं शहाळं आणायला सांगितलं, न फोडता. युद्धात, जिथे सलाइनही नव्हतं, तिथे शहाळ्याचं पाणी शिरेतून दिलं गेलं होतं, असं त्यांनी ऐकलं होतं. ऐकलेल्यावर त्यांचा विश्वास नसे. त्यांनी शहाळ्याचं डोकं स्पिरिटने पुसलं, त्यात सुई खुपसली, नळी लावली, शहाळं खुंटीला उलटं टांगलं आणि दुसरं टोक स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेत घालून खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले. सिस्टर रोझ दारात क्रूसाची खूण करत उभी. मी दर पाच मिनिटांनी नाडी लिहीत होते. त्यांना थोडी हुडहुडी भरली. पान उलटून ते म्हणाले, "लिही: थंडी वाजते. अग्रलेखामुळे नाही."

शहाळं संपल्यावर त्यांनी सुई काढली आणि निकाल सांगितला. हे रक्त नाही. याने नळ्या भरतात, श्वास वाहून नेला जात नाही. याने फार तर अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात माणूस शोधायचा. पुन्हा असा प्रयोग त्यांनी केला नाही आणि आम्हा कुणाला करूही दिला नसता. पण तो अर्धा तास मिळतो की नाही हे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातावर पाहिलं नाही, हे मी आजही विसरलेले नाही.

आमचं घर मैलापूरलाच. तंजावरहून आलेली मराठी माणसं. घरात जुनी मराठी, तिलाही तमिळ हेल, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की नुसती तमिळ. वडील कृष्णराव, काका केशवराव, एकाच घरात दोन चुली. माझ्या आतेबहिणीच्या लग्नाला मी डॉक्टरांना बोलावलं. आले, पंगतीत बसले, पायसम दोनदा घेतलं आणि पानसुपारीच्या वेळी टिफिनचा खालचा डबा उघडला. वरपक्षाचा एक मामा म्हणाला, हा कुठला विधी? डॉक्टर म्हणाले, कन्यादान झालं, आता थोडं रक्तदान. बघता बघता अकरा जणांनी बोटं पुढे केली. त्यात माझा थोरला भाऊ अंबी. तो ओ निघाला. डॉक्टर उठून उभे राहिले आणि अंबी लाजला.

मी कार्डावर "अंबी" लिहायला गेले तर त्यांनी पेन धरलं. घरचं नाव नको, आमच्या इस्पितळात अंबी नावाचे पन्नास सापडतील. कागदावरचं नाव लिही. मी लिहिलं, के. व्यंकटराव. आठ ते दहा घरी, दहा ते बारा घरी. अंबी छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि त्याची पाळी दुपारी सुरू व्हायची.

आता सोमवारची रीत. दर सोमवारी सकाळी, नोंद झाली की आम्हा चौघांचं रक्त पुन्हा टाइलवर तपासलं जायचं. दर सोमवारी. बोटाला सुई, पांढऱ्या टाइलवर दोन थेंब, एकात हा सीरम, दुसऱ्यात तो. थेंब फुटून दाणेदार झाला की गट कळतो. कामाला लागून दोन वर्षं झाल्यावर मी एकदा धीर करून म्हटलं, सर, गेल्या सोमवारी मी बी होते, आजही बीच असणार. मुनुसामीने मान हलवली, त्याचं बोट तर चाळणीसारखं झालं होतं.

"रक्त बदलत नाही, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "कागद बदलतो."

यादीतल्या माणसांचंही तसंच. रक्त घेण्याआधी, कार्डावर काहीही लिहिलेलं असो, माणूस समोर असताना टाइल. जखमीच्या रक्ताशी जुळवणी ती वेगळीच. मला ते माझ्या कामावरचं अविश्वासपत्र वाटायचं. यादी मी काटेकोर ठेवायची आणि त्यांनी ती प्रत्येक वेळी खोटी धरून चालायचं. घरी मी याबद्दल कुरकुरायचे. अंबी म्हणायचा, मुद्रितशोधकाला सगळं चुकीचंच दिसतं, तुझे डॉक्टर माझ्याच जातीचे.

त्या सोमवारी पावणेअकराला फाटकात लष्करी गाडी शिरली. शहराबाहेर सरावाच्या मैदानावर हातबॉम्ब फेकायला शिकवत होते. पिन काढलेला एक बॉम्ब दुसऱ्या एका शिकाऊ जवानाच्या हातून निसटून पायाशीच पडला. सेल्वमने त्या जवानाला ढकललं आणि स्वतः आडवा पडायच्या आत स्फोट झाला. वाटेवरचं पहिलं रुग्णालय आमचं, म्हणून इथे आणलं. मांडी फाटलेली, छातीत उजवीकडे तुकडा. वय एकोणीस. गट ओ, टाइलवर पाहिलेला.

ओच्या दोन्ही बाटल्या पाऊण तासाच्या आत संपल्या. दुसऱ्या रुग्णालयात फोन केला. त्यांच्याकडचंही पुढे गेलं होतं. वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते, त्यांनी खाली निरोप पाठवला: अजून तीन तरी लागतील, आणि लगेच.

डॉक्टर वर गेले ते गॉझची गुंडाळी आणि रिकामी बाटली घेऊनच. सर्जन त्यांच्याहून मोठ्या हुद्द्याचे, तिखट जिभेचे. त्यांना यांचा भिंतीवरचा कागद माहीत होता आणि ते त्याला स्वयंपाकघरातली पाककृती म्हणायचे. सिस्टर रोझने नंतर सांगितलं, छातीत नळी घातली तेव्हा रक्त भळभळा आलं आणि सर्जनचा हात नकळत बादलीकडे गेला. डॉक्टरांनी मध्ये बाटली धरली. म्हणाले, सर, हे त्याचंच आहे, त्याला परत देऊ या. सर्जन म्हणाले, गाळा. आठ पदरी गॉझ, औषध, आणि सेल्वमच्या छातीतलं रक्त सेल्वमच्या हातात परत. ती तिसरी बाटली.

खाली मी यादी उघडली होती. सकाळचे पावणेबारा, रकाना दहा ते बारा. ओची माणसं: शिंपी, अंबी, पोस्टमन, आणि एक मृदंगवादक. मुनुसामीला सायकलवर पिटाळलं. शिंप्याचं दुकान समोरच, तो बोटात अंगुस्तान घेऊनच आला. टाइल, ओ, एक बाटली. मृदंगवादकही आले, पण मार्गळीतल्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या, संगीताच्या मोसमाचे कार्यक्रम ठरलेले, म्हणून हात पुढे करायला तयार नव्हते. डॉक्टर वरून धावत खाली आले आणि विचारलं, कोणता हात कमी गुणाचा? ते म्हणाले, दोन्ही सारखे. डॉक्टर म्हणाले, मग मी निवडतो. टाइलसाठी हात धरला तो कढत लागला, आणि त्यांना बाहेर पाठवून दिलं, कारण त्यांना कालपासून ताप होता आणि ते सांगायला लाजत होते.

तेवढ्यात मुनुसामीने दारातून सांगितलं, के. व्यंकटराव आले आहेत, बाहेरच्या बाकावर झोपवलंय, बाही वर केलीय. मी फोनवर होते, तिथूनच हाक मारली: सरळ घ्या, तो माझा भाऊ आहे, कार्ड मी स्वतः भरलंय, टाइल डॉक्टरांनीच केलीय. वरून निरोप आला होता, नाडी लागत नाही. सिस्टर रोझने सुई उचलली.

डॉक्टरांनी तिच्या हातातून सुई काढून घेतली आणि टाइल दिली: आधी त्याच्या बोटाचं रक्त आण. मी फोन ठेवून ओरडले, सर, वेळ नाही. मी त्यांच्यावर आवाज चढवला तो तेवढा एकदाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेंब, थेंब, टाइल दोन्ही हातांत धरून हलकी डुलवणं. पूर्ण दोन मिनिटं.

थेंब दाणेदार झाला. बी.

मी धावत बाहेर गेले. बाकावर अंबी नव्हता. काकांचा राजा होता.

आमच्या माणसांत थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. वडिलांचा थोरला अंबी, काकांचा थोरला राजा, दोघंही व्यंकटराव. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागतं. कृष्णरावांचा के, केशवरावांचाही के. दोघंही के. व्यंकटराव, एकाच दारात. आणि सुनांनी सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून आमच्या घरात ते नाव कधी उच्चारलंच गेलं नाही. जन्मल्यापासून एक अंबी आणि एक राजा. बावीस वर्षं मी त्या घरात राहिले आणि एका नावाची दोन माणसं आहेत हे कार्ड लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. अंबी त्या सकाळी रॉकेलच्या रांगेत गेला होता. मुनुसामीने दारात नाव घेतलं, काकू बाहेर आली. संध्याकाळी ती मला सांगत होती: "मामंजींच्या नांवाचा माणूस पाहिजे म्हणाला. राजा घरीं होता. पाठवलें. मी काय नांव घेऊन विचारूं, कोणता म्हणून?"

राजा बाकावर उठून बसला होता. मी येऊन चूक केली का, असं तो मला विचारत होता.

डॉक्टरांनी माझ्या हातातली वही घेतली, रकान्यावर बोट ठेवलं, घड्याळ पाहिलं आणि मुनुसामीला म्हणाले, पोस्टमन आता पिवळ्या घरापासून निघून गल्लीच्या शेवटच्या पाच-सहा घरांपर्यंत आला असेल, डाव्या बाजूला बघ. मग मला म्हणाले, वर सलाइन चालू ठेवायला सांग, अर्धा तास काढू. आवाजात काही नव्हतं. रागही नाही.

पोस्टमन अकरा मिनिटांत आला. घामाने निथळलेला, खांद्यावर टपालाची पिशवी. ती खाली ठेवायला तयार नाही. टपाल अंगावेगळं करायचं नाही असा त्याचा नियम. तेव्हा पिशवी पोटावर घेऊन तो आडवा झाला. टाइल, दोन मिनिटं, ओ. जुळवणी. बाटली भरत असताना तो पिशवी दोन्ही हातांनी धरायला बघत होता आणि सिस्टर रोझ त्याचा एक हात पुन्हा पुन्हा सरळ करत होती. ती पाचवी बाटली. सव्वाला रॉकेलचा डबा घेऊनच अंबी आला, ती सहावी. तीन वाजता सर्जन स्वतः जिना उतरून आले. ते आमच्या खोलीत कधी येत नसत. भिंतीवरचा कागद त्यांनी उभ्याने वाचला, शेवटपर्यंत, नारळासकट. म्हणाले, जगेल. आणि गेले.

सेल्वम जगला. महिन्याभराने कुबडीवर आला आणि ज्यांचं रक्त अंगात आहे त्यांना भेटायचं म्हणाला. मी त्याला यादीतले रकाने वाचून दाखवले, आणि तो त्या त्या वेळी त्या त्या जागी जाऊन प्रत्येकाला भेटून आला.

पण त्या दुपारी मी राजीनामा लिहिला होता. डॉक्टर दहीभात खात होते. त्यांनी कागद वाचला, लोणच्याच्या डब्याखाली दाबून ठेवला आणि मला बसायला सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच वहीत उतरवून घेतलं.

ब्रह्मदेशात त्यांच्या तळावर एक मराठा जवान आला होता. पोटाला जखम, पण शस्त्रक्रिया चांगली झाली होती, जखम भरत होती. अशक्त होता, रक्त हवं होतं, बाटल्या संपल्या होत्या. डॉक्टरांनी रांगेतला एक धडधाकट शिपाई निवडला. दोघांच्याही गळ्यातल्या बिल्ल्यांवर ओ. टाइल होती, सीरम होता, घाई फारशी नव्हती. पण बिल्ला धातूचा, त्यावर ठोकलेली अक्षरं. त्यांनी विश्वास ठेवला. शिपायाचा बिल्ला चुकीचा होता. तासाभरात जवानाला हुडहुडी भरली, कंबर दुखायला लागली, लघवी काळी झाली. चौथ्या दिवशी गेला. कागदावर लिहिलं गेलं, जखमांमुळे मृत्यू. घरी तसंच कळवलं गेलं.

"त्याने मला मराठीत काहीतरी विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मला कळलं नाही. मी मान हलवली."

त्यांच्याकडे जवानाचं नाव होतं, सातारा जिल्ह्यातल्या गावाचं नाव होतं, बायकोचं नाव होतं. दोनदा त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं आणि पाठवलं नाही. इंग्रजी पत्र चावडीवर कुणीतरी सगळ्यांसमोर वाचणार. ते तिच्या भाषेत, तिच्यापर्यंत जायला हवं. मग त्यांनी तमिळमध्ये चार वाक्यं सांगितली आणि मी मराठीत लिहिली: तुमचे यजमान जखमेने गेले नाहीत. जखम भरत होती. मी बिल्ल्यावर विश्वास ठेवून त्यांना चुकीचं रक्त दिलं, आणि त्याने ते गेले. हे तुम्हाला आधीच कळायला हवं होतं.

मी विचारलं, सर, वीस वर्षांनी त्या बाईला याचा काय उपयोग? ते हात धुऊन आले आणि म्हणाले, "यादीत त्याचं मरण चुकीचं लिहिलंय. तू यादी ठेवतेस. दुरुस्त कर." राजीनामा त्यांनी परत दिला नाही, स्वीकारलाही नाही. डब्याबरोबर धुतला गेला असणार.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. कळलं तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. माझ्या दरवर्षीच्या नव्या वहीत पहिल्या पानावर राहिलेल्या कामांची यादी असते. विमा, नळ, मुलीची फी. सगळ्यांवर यथावकाश रेघ पडते. त्या बाईला चिठ्ठी पाठवायचं काम मात्र एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत आलं आहे. निमित्तं होती: आधी माझी मराठी इथल्या लोकांना जुनी आणि विचित्र वाटायची, ती सुधारली. मग गावाचा तालुका बदलला होता, तो शोधला. गेल्या वर्षी तिथल्या पोस्टमास्तरांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. बाई हयात आहेत. वाचता येत नाही. नातू सैन्यात भरती झाला आहे. सुट्टीवर आला की आलेली पत्रं तोच वाचून दाखवतो.

म्हणजे ती चार वाक्यं मोठ्याने वाचणार तो, गळ्यात बिल्ला घालून.

सध्या तो सुट्टीवर आला आहे, असं पोस्टमास्तर कळवतात. पंधरा दिवस आहे. चिठ्ठी तयार आहे, डॉक्टरांनी सांगितली तशीच, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. खाली मी एक ओळ घालायची ठरवली आहे, नातवासाठी: तुझा गट समोर टाइलवर पाहून घे, बिल्ल्यावर जाऊ नको. काल दुपारी पाकीट घेऊन बसले. आपल्याकडे विधवेच्या नावाआधी गंगाभागीरथी लिहायची रीत आहे. मी "गं. भा." लिहिलं. ती दोन अक्षरं तिच्या नावाआधी कशी लागली, ते आत लिहिलेलं होतं. पुढे नाव लिहायचं होतं. ते अजून लिहिलेलं नाही.